आत काय म्हणायचं

प्रधान मॅडमनी पट्टा लावला, आरसा स्वतःकडे वळवला, गिअर न्यूट्रलला आहे ना ते हलवून पाहिलं, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटले, आणि किल्ली फिरवायच्या ऐवजी डोळे तसेच मिटलेले ठेवून विचारलं, "सर, डोळे मिटल्यावर आत काय म्हणायचं असतं?" सुमंत भिंगारदिवेचा पाय त्याच्या बाजूच्या ब्रेकवर गच्च दाबला गेला. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक आणि वेगळा क्लच असतो, आणि शिकणाऱ्यानं घोळ घातल्याशिवाय सुमंतचा पाय त्यावर कधी पडत नसे. इथे तर गाडी सुरूसुद्धा झालेली नव्हती. मिठागर रोडच्या कडेला, एका अजून न उघडलेल्या दुकानासमोर ती मुकाट उभी होती, छपरावरचा एल बोर्ड उन्हात तापत होता. "म्हणजे?" तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही म्हणता ना काहीतरी. तुमचे ओठ हलतात जरासे. मी आपली नुसतीच मिटते, आत सगळं रिकामं. खरं सांगू का, घरी हे असे झाल्यापासून दिवसभरात तेवढाच क्षण बरा जातो. म्हणून म्हटलं, शिकायचं तर पूर्ण शिकावं." त्यांनी आता डोळे उघडले होते आणि वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या त्याच्याकडे बघत होत्या. साठीला आलेली बाई, खांद्यावर पिन लावलेला पदर, हातात घामाचा रुमाल. सुमंतनं घसा साफ केला. "काही नाही हो मॅडम, श्वास. घेताना चार मोजायचे, सोडताना चार मोजायचे. मन स्थिर होतं." "अस्सं," त्या म्हणाल्या, आणि इतक्या कृतज्ञतेनं म्हणाल्या की त्याला खिडकीबाहेर बघावं लागलं. त्यांनी मोजलं, किल्ली फिरवली, आणि गाडी आयुष्यात पहिल्यांदा धक्का न देता जागची हलली.

आता यात कुणाचं काय बिघडलं, असं कुणीही म्हणेल. सुमंतही स्वतःला नव्वद फुटी रस्त्यापर्यंत तेच म्हणत राहिला. पण खोटं बोललेल्या माणसाला एक सोय लागते, ती म्हणजे ते खोटं फसावं. हे फसेना. मॅडम चढावर हाफ क्लचमध्ये गाडी धरून उभ्या राहिल्या, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारून मारून जीव नकोसा केला तरी दचकल्या नाहीत, उलट ओठ हलवत मोजत राहिल्या, आणि सुमंतला आपण कुणाच्या तरी तोंडात दगड ठेवून साखर आहे म्हणून सांगितल्यासारखं वाटत राहिलं.

खरं म्हणजे डोळे मिटायला त्यानं कुणाला कधी शिकवलंच नव्हतं. घाबरलेला शिकाऊ माणूस शेजारच्या सरांचं जे दिसेल ते उचलतो. सर खाकरले तर तोही खाकरतो. सुमंत पट्टा, आरसा, गिअर झालं की पापण्या टेकवायचा, एक वाक्य आतल्या आत म्हणायचा, मग म्हणायचा, "हं, मारा किल्ली." लोक तीच चौथी पायरी धरून चालले. गृहिणी, कॉलेजची पोरं, निवृत्त कारकून, सगळे. एकदा पेट्रोल पंपावर रांगेत असताना त्याला पुढच्या गाडीत आपली जुनी विद्यार्थिनी दिसली, आता मोठी दंतवैद्य झालेली. पैसे दिले, काच वर केली, आणि मागचे लोक ओरडत असताना डोळे मिटून बसली. त्या दिवशी तो हसत हसत घरी गेला होता. अर्ध्या मुलुंडात आपलं काहीतरी रुजलंय असं त्याला वाटलं होतं. काय रुजलंय, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. भिंगारदिवे हे आडनाव ऐकलं की लोक मनातल्या मनात अंदाज बांधून मोकळे होतात. एप्रिलमध्ये त्याला जयभीम म्हणतात, तोही मनापासून जयभीम म्हणतो, त्याच्या आतेभावांची निम्मी घरं तिकडचीच आहेत. डिसेंबरात विमला, त्याची बायको, केक आणि करंज्यांचा डबा भरून देते, तेव्हा ट्रेनिंग स्कूलचा मालक देवव्रत म्हणतो, "अरे हो, तुमचा नाताळ ना." दसऱ्याला गाड्यांची पूजा होते, सुमंत चपला काढून मागे उभा राहतो, पेढा खातो. डॅशबोर्डवरचा गणपती रोज सकाळी ओल्या फडक्यानं तोच पुसतो, कारण गाडी पुसायचं काम त्याचं आणि गणपती गाडीत आहे. कधी कुणाची कटकट नाही. पण शेजारी बसलेल्या प्रत्येक माणसाचं नाव तो येशूसमोर ठेवतो, हे या सगळ्यात कुठंच बसत नव्हतं, आणि त्यानं ते बसवायचा प्रयत्नही केला नव्हता.

हे खूळ त्याच्या घरातलं. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत प्रार्थनेशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. मग तो नोकरीच्या मुलाखतीला निघालेला असो की मावशीकडे. सुमंतच्या लहानपणी एसटी स्टँडवर गाडी लागलेली असायची, कंडक्टर घंटी मारायचा, आणि त्याचे वडील सगळ्या कुटुंबाला वर्तुळात उभं करून, टोपी काढून, ड्रायव्हरपासून टायरपर्यंत सगळ्यांवर कृपा मागत असायचे. आई डोळे किलकिले करून गाडीकडे बघायची. "आता आमेन म्हणा, नाहीतर पायी जावं लागेल," असं एकदा ती प्रार्थनेच्या मधेच म्हणाली होती. वडील मिशनच्या दवाखान्यात ॲम्ब्युलन्स चालवायचे. त्यांना कधी ओठ मिटून प्रार्थना करता आली नाही. गाडी हाणता हाणता मोठ्यानं चालायची, देवाशी आणि खड्ड्यांशी एकाच आवाजात. एकदा अडलेली बाळंतीण नेताना सुमंत पुढं बसला होता. वडील येशूला हाका मारत होते आणि मागून त्या पोरीची सासू खंडोबाला. मधेच ती म्हातारी म्हणाली, "दादा, तुमच्याला सांगा, आमच्यालाबी सांगितलंय." वडील म्हणाले, "सांगतोय, मावशी, तुम्ही पण थांबू नका." दोघांचे दोन देव त्या खटाऱ्यात दाटीवाटीनं बसले आणि गाडी वेळेत पोचली. मुलगा झाला. त्या म्हातारीनं पुढे कितीतरी वर्षं वडिलांना वाटाण्याच्या शेंगा आणून दिल्या, धर्म काही बदलला नाही, वडिलांनी कधी तसं सुचवलंही नाही. पण ते कुणाचं नाव घेतात हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. सुमंतला आता वाटायला लागलं की वडिलांची ती आरडाओरड, जिला तो लाजायचा, तिच्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि आपली ही नाजूक, सभ्य, पापणी टेकवण्याएवढी प्रार्थना मात्र वर्षानुवर्षं चोरासारखी चालली आहे.

त्यात त्याच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक, म्हणजे पाद्री, आलेले. तरुण, उत्साही, माईक हातातून न सोडणारे. त्यांनी या वर्षी काढलं की प्रत्येकाचं कामाचं ठिकाण हेच त्याचं शेत. देवानं ज्या खुर्चीवर बसवलंय तिथूनच बोला. आणि दर रविवारी एकानं उभं राहून साक्ष द्यायची, की मी कामावर कुणाला प्रभूबद्दल सांगितलं. येत्या रविवारी सुमंतची पाळी होती. "तुमच्यासारखी संधी कुणाला आहे, भिंगारदिवे," पाळक म्हणाले होते, "माणूस अर्धा तास पट्ट्यानं बांधून तुमच्या शेजारी!" सगळे हसले. सुमंतही हसला. पण पट्ट्यानं बांधलेल्या माणसाला काही सांगणं त्याला कधीच बरं वाटलं नव्हतं. त्याचा चुलतभाऊ बाळा गोवंडीला बसस्टॉपवर पत्रकं वाटतो, लोक घेतात, चार पावलांवर टाकतात, बाळा ती गोळा करून पुन्हा वाटतो. सुमंतला त्याचं कौतुकही वाटतं आणि त्याच्या सोबत उभं राहायची शरमही. आणि दुसरीकडे मंडळीतल्याच एक शिकवणीवाल्या बाई होत्या. त्यांनी नाताळात पोरांना केक देताना गोठ्यातल्या बाळाची गोष्ट सांगितली, ती कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकली, सोसायटीच्या गेटवर माणसं जमली, आणि बाईंची शिकवणी महिन्याभरात रिकामी झाली. त्या आता भावाकडे नाशिकला असतात. त्यांचं काय चुकलं असं कुणी विचारलं तर कुणालाच नीट सांगता येत नाही. रात्री जेवताना सुमंतनं विमलाला सगळं सांगितलं, प्रधान मॅडमचा प्रश्न, आपलं उत्तर. विमला शाळेत शिकवते, तिला उत्तरपत्रिका वाचायची सवय. "ती बाई स्वतःहून विचारत होती," ती म्हणाली. "हो." "आणि तुम्ही तिला श्वास सांगितला." "अगं, दिवस कसले आहेत बघतेस ना." "बघते ना. मी नाही म्हणत नाही. भीती मलाही वाटते," विमलानं त्याच्या ताटात भात वाढला. "पण साक्षीला उभं राहून हे सांगणार आहात का?"

पुढच्या धड्यांना प्रधान मॅडम सुधारतच गेल्या. आणि सुधारत गेल्या तशा बोलायलाही लागल्या. त्यांच्या घरी गाडी नेहमी 'हे'च चालवायचे. बँकेत असताना ह्यांनी घेतलेली, ह्यांनीच पुसलेली, ह्यांनी दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिला नाही. मग ह्यांना काचबिंदू निघाला, तोही उशिरा. "कडेकडेनं अंधार आत येतो म्हणतात, नळीतून बघितल्यासारखं. आता नळी पण बारीक होत चाललीय." मुलगा शौनक परदेशात, तो म्हणतो टॅक्सी करा. "टॅक्सीत बसले की हे रडतात हो, सर. गाडी खाली उभी आहे आणि आपण भाड्याच्या गाडीत. म्हणून म्हटलं, मी शिकते. मी चालवीन, हे शेजारी बसतील, मला ओरडतील, तेवढंच बरं वाटेल त्यांना." सुमंत ऐकत होता. गाडी हायवेच्या पुलावर चढत होती, उजवीकडे मिठागरांवर ऊन नुसतं पसरलं होतं, आणि त्याला वाटलं की हीच वेळ आहे, आता सांगावं, मॅडम, त्या दिवशी मी तुम्हाला भलतंच सांगितलं. वाक्य जिभेवर आलं. इतक्यात मॅडम म्हणाल्या, "तुमचं ते मोजायचं मी ह्यांनाही शिकवलंय." वाक्य परत गेलं. "आरसा बघा," सुमंत म्हणाला. दुसऱ्या दिवशी देवव्रतचा फोन आला, "सर, प्रधान मॅडमनी मला फोन केला होता. तुम्ही गाडीत काय करता ते सगळं सांगितलं त्यांनी." चोराच्या मनात चांदणं, सुमंत फोन कानाला धरून जिन्यातच खाली बसला. नोकरी, विमला, शिकवणीवाल्या बाई, गेटवरची माणसं, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. "अहो, झकास आहे ते!" देवव्रत म्हणत होता. "आधी का नाही बोललात? सगळे हल्ली तेच शोधतायत यार, माइंडफुल बिइंडफुल. आपण रील करू. बॅनर लावू. भिंगारदिवे सरांचा शांतिश्वास. मी नाव पण ठरवलंय. शुक्रवारी शूट, मॅडम तयार आहेत."

म्हणजे सुटला, असं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. मग उरलेला आठवडा तो शांतिश्वास त्याच्या मानगुटीवर बसला. आजवर तो गप्प होता, तेवढंच. आता त्याच्या गप्प बसण्याचा बॅनर लागणार होता, नव्वद फुटी रस्त्यावर, त्याच्या फोटोसकट. एखाद्या शिकाऊ पोराला शेजारी बसवून पापण्या टेकवल्या की शब्दच सापडेनात. नाव आठवायचं, पुढं आकडे यायचे. एक, दोन, तीन, चार. ज्याच्याशी तो इतकी वर्षं बोलत आला होता तो जणू ओळख दाखवेना, आणि का दाखवावी, असंही सुमंतला वाटे. भीती होतीच. भीतीपेक्षा मोठं असं त्याला काही सापडलं नाही, फक्त एवढंच कळलं की हे आकडे असेच चालू राहिले तर आपल्याकडे आत म्हणायला काहीच उरणार नाही.

शुक्रवारी सकाळी देवव्रत मोबाइल आडवा धरून फुटपाथवर उभा राहिला. मॅडम चंदेरी साडी नेसून, पावडर लावून स्टिअरिंगमागे बसल्या होत्या. शूटिंग म्हटल्यावर कुणाला हौस नसते. "एकदम नॅचरल हां, सर. गाडी सुरू करायच्या आधी मी काय करतो, तेवढंच सांगा. चला." सुमंतनं काच खाली केली. श्वासाची वाक्यं त्यानं पाठ केली होती. तोंड उघडल्यावर त्यातलं एकही आलं नाही. "गाडी सुरू करायच्या आधी," तो म्हणाला, "मी प्रार्थना करतो." "हां, चालेल, युनिव्हर्सल आहे," देवव्रत मोबाइलमागून म्हणाला. "येशूला करतो. शेजारी बसलेल्या माणसाचं नाव घेऊन. इतकी वर्षं तेच करतोय. ते श्वासाचं मी मनाचंच सांगितलं होतं." मोबाइल हळूहळू खाली आला. देवव्रतचा चेहरा रागावलेला नव्हता, तो घाबरलेला होता, आणि सुमंतला त्याची दया आली, कारण ती भीती त्याच्या चांगल्या ओळखीची होती. "सर, हे काय बोलताय? मला माहितीय तुम्ही कसे आहात ते. पप्पांच्या वेळेपासून आहात तुम्ही. पण लोकांना काय सांगू? गाडीत बसवून धर्म… वाट लागेल ओ आपल्या स्कूलची." मॅडम बसल्या आहेत हे लक्षात येऊन तो थांबला. "डिलीट करतो मी हे. संध्याकाळी ऑफिसला या, बोलू." तो बाइकला किक मारून निघून गेला. संध्याकाळी काय बोलणं होईल ते सुमंतला साधारण कळलं होतं.

सुमंतनं काच वर केली. "मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोललो." प्रधान मॅडम समोरच्या काचेतून सरळ बघत होत्या. "मी ह्यांच्या शेजारी बसून मोजते रोज सकाळी," त्या म्हणाल्या. "उठल्यावर डोळे उघडायची भीती वाटते त्यांना, आज किती दिसेल म्हणून. मग मी हात धरते आणि आकडे म्हणते. एक, दोन, तीन, चार. म्हाताऱ्या माणसाला पाढे म्हणायला लावल्यासारखे. माझ्या घरात अंधार येतोय, सर. आणि तुमच्याकडे बोलायला कुणीतरी होतं, आणि मला तुम्ही आकडे दिलेत." सुमंतची मान खाली गेली. "मला माझे देव आहेत हो. देव्हारा भरलाय. तुमचा काढून घेणार नव्हते मी. पण हल्ली तिथं उभी राहिले की मला एक शब्द फुटत नाही. तुम्हाला फुटत होता, म्हणून विचारलं. तुम्हाला काय वाटलं, मी पोलिसात जाईन?" "हो," सुमंत म्हणाला. "तसंच वाटलं. भ्यालो मी." त्या पहिल्यांदा त्याच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "भीतीचं काय, मला कळतं." मग रुमालानं कपाळावरची पावडर पुसत विचारलं, "माझं नाव घेता म्हणालात. काय म्हणता?"

"शर्मिष्ठाबाईंना सांभाळ, म्हणतो. त्यांच्या हातून कुणाला इजा होऊ देऊ नकोस, त्यांना घरी सुखरूप ने. एवढंच."

"आणि ह्यांचं?"

"त्यांचं नाव मला माहीत नाही, मॅडम. तुम्ही 'हे' म्हणता." फॉर्मवर असणार, पण फॉर्म ऑफिसात भरतात, सुमंतच्या हाती फक्त माणूस येतो.

प्रधान मॅडमनी पदर सावरला. त्यांचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. "आमच्यात घेत नाहीत," त्या म्हणाल्या. "लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यांना हाक मारायची वेळ आली तरी मी अहो म्हणते." रस्त्यावरून एक भाजीची गाडी गेली, ती पूर्ण जाईपर्यंत त्या थांबल्या. मग स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, कुणी ऐकत तर नाही ना असं एकदा बाहेर बघून, त्या म्हणाल्या, "मधुकर." त्यांच्या गालांवर लाली चढली, आणि त्यांनी ते पुन्हा, या वेळी स्वच्छ, म्हटलं. "मधुकर. आता तुम्ही घ्या. मनात नको, मला ऐकू येईल असं घ्या."

सुमंतनं तोंड उघडलं. त्यानं मोठ्यानं नाव घेतलं, आधी येशूचं, मग मधुकररावांचं.